रस्त्यापेक्षा मोठा माल: ओडीसी वाहतूक नेमकी अडते कुठे?

जुलै २०१९ मध्ये महाराष्ट्रातून निघालेला एक ट्रेलर तिरुवनंतपुरमला पोहोचला तो जुलै २०२० मध्ये. अंतर साधारण १,७०० किलोमीटर. इतर ट्रक ते पाच ते सात दिवसांत कापतात. या ट्रेलरवर विक्रम साराभाई अंतराळ केंद्रासाठीचं ऑटोक्लेव्ह होतं. ऑटोक्लेव्ह म्हणजे एक प्रचंड बंद टाकी. तिच्यात उष्णता आणि दाब देऊन कार्बन फायबरसारख्या पदार्थांचे हलके पण मजबूत भाग पक्के करतात. वजन ७० टनांच्या आसपास, उंची साडेसात मीटर, रुंदी ६.६५ मीटर. गाडीला ७४ चाकं आणि सोबत तीसेक माणसं. दिवसाची सरासरी काढली तर पाच किलोमीटरही भरत नाही.

मध्ये लॉकडाऊन आला आणि गाडीला थांबून राहावं लागलं, हे खरं. पण लॉकडाऊन नसता तरी हा प्रवास काही आठवड्यांत संपणारा नव्हता. बातमी वाचून अनेकांचा समज झाला की एवढं वजन ओढायला इंजिन कमी पडत असणार. तसं नव्हतं. ७० टन ओढणं आजच्या पुलरला, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीला, फार जड नाही. अडत होती ती रुंदी आणि उंची. साडेसात मीटर उंचीची वस्तू न्यायची तर वाटेतली जवळपास प्रत्येक वीजतार आडवी येते आणि पावणेसात मीटर रुंदीला दोन पदरी रस्ता जवळजवळ पूर्ण लागतो. त्या प्रवासात झाडं तोडावी लागली, तारा काढाव्या लागल्या, कुठे रस्ताही नीट करून घ्यावा लागला.

अवाढव्य मालाची वाहतूक समजून घ्यायची असेल तर गाडीकडे नंतर बघू, आधी रस्त्याकडे बघायला हवं. हजार किलोमीटरचा उत्तम रस्ता असला आणि त्यात एक पूल अशक्त असला, एक तार खाली लोंबत असली किंवा एक वळण आवळलेलं असलं, तर त्या मालापुरता तो हजार किलोमीटरचा रस्ता बंदच असतो.

ओव्हरलोड वेगळं, ओडीसी वेगळं

आपल्या नियमांनुसार मालवाहू गाडीची रुंदी २.६ मीटरपर्यंत आणि उंची सुमारे ४ मीटरपर्यंत असावी लागते. साध्या, न जोडलेल्या ट्रकची लांबी १२ मीटरपर्यंत चालते. एकूण वजनाची कमाल मर्यादा २०१८ साली वाढवून ५५ टन केली गेली. यातली एक जरी मर्यादा मालामुळे ओलांडली गेली, तरी तो माल ‘ओव्हर डायमेन्शनल कार्गो’ ठरतो. ट्रान्सपोर्टवाले त्याला ओडीसी म्हणतात.

इथे एक फरक नीट समजून घ्यायला हवा. वाळूचा डंपर मर्यादेपेक्षा दहा टन जास्त भरून पळवणं हा गुन्हा आहे, कारण तीच वाळू दोन गाड्यांत नेता आली असती. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. ट्रान्सफॉर्मर मात्र अर्धा-अर्धा करून नेता येत नाही. ओडीसीची परवानगी मिळते ती याच मुद्द्यावर: माल तोडून नेणं शक्य नाही, हे आधी दाखवावं लागतं. रस्त्यात ट्रेलर आडवा दिसला की ‘हे ओव्हरलोडवाले’ म्हणून चिडणाऱ्यांना हे माहीत असायला हवं, असं मला मनापासून वाटतं. त्या गाडीच्या प्रत्येक चाकावर किती भार पडतोय याचा हिशेब कागदावर मांडलेला असतो. शेजारून धुरळा उडवत जाणाऱ्या डंपरचा तसा हिशेब बहुधा कोणीच केलेला नसतो.

ओडीसी मालाचे स्वभावही निरनिराळे. पवनचक्कीचं पातं लांब असतं, पण लांबीच्या मानाने हलकं. ट्रान्सफॉर्मर आटोपशीर दिसतो, पण वजनाला भयंकर. ऑटोक्लेव्ह किंवा रिफायनरीची मोठी टाकी ही रुंद आणि उंच. पात्याला वळण अडवतं, ट्रान्सफॉर्मरला पूल अडवतो, टाकीला तार अडवते. म्हणून एकाच गावाहून एकाच गावाला हे तीन माल न्यायचे असले तर तीन वेगळे मार्ग निघू शकतात.

आधी चालते ती सर्व्हेची जीप

माल कारखान्यातून हलण्याच्या कितीतरी आधी एक छोटी गाडी तोच रस्ता चालून येते. टपावर मालाच्या उंचीइतकी काठी उभी बांधलेली असते. ती जिथे टेकेल तिथे नोंद करायची. तारा, कमानी, दिशादर्शक फलकांच्या लोखंडी चौकटी, पादचारी पूल, वडाच्या आडव्या फांद्या, टीव्ही आणि इंटरनेटच्या केबली सगळं लिहून घ्यायचं. वळणाची मापं टेपने घ्यायची. पूल कोणत्या प्रकारचा, गाळे (दोन खांबांमधले भाग) किती, कठडे कुठवर, हेही टिपायचं.

उंचीचे आकडे पाहिले की अडचण लगेच कळते. राष्ट्रीय महामार्गावर पुलाखालून जायला साधारण ५.५ मीटर मोकळी उंची ठेवतात. रस्ता ओलांडणारी कमी दाबाची वीजतार किमान ५.८ मीटरवर आणि ११ केव्हीची, म्हणजे ११,००० व्होल्टची, ६.१ मीटरवर असावी असा दंडक आहे. विद्युतीकरण झालेल्या रेल्वे फाटकापाशी रस्त्यावर जी लोखंडी कमान असते तिची उंची फक्त ४.६७ मीटर, कारण पलीकडे २५,००० व्होल्टची तार आहे. ट्रेलरची पाटीच जमिनीपासून मीटरभर वर. तिच्यावर साडेचार मीटर व्यासाची टाकी ठेवली की साडेपाच मीटर तिथेच संपले.

मग उपाय काय? लो-बेड ट्रेलर वापरून पाटी जमिनीलगत आणायची. तरी जमलं नाही तर पुलाखालून न जाता बाजूच्या रस्त्याने वर चढून पुन्हा खाली उतरायचं, किंवा मार्गच बदलायचा. विजेच्या तारांसाठी महावितरणकडून लाइन बंद घ्यावी लागते. लाइनमन येतो, तार सोडतो किंवा उचलून धरतो, गाडी खालून जाते, तार पुन्हा जोडली जाते. तेवढा वेळ त्या गावाची वीज बंद. रेल्वे फाटकावर तर रेल्वेकडून वाहतूक आणि तारेतला वीजप्रवाह दोन्ही थांबवून घ्यावे लागतात. ती वेळ रेल्वे ठरवते आणि ती चुकली तर पुढच्या वेळेची वाट बघत बसावं लागतं.

टोलनाक्यावरही तीच कथा. साधी लेन ३.२ मीटरची. मोठ्या मालासाठी कडेला ४.५ मीटरची एक रुंद लेन ठेवलेली असते. साडेसहा मीटरचा माल तिथूनही जात नाही. मग नाक्याला बाहेरून वळसा घालण्याची सोय शोधायची.

पूल आणि पाच किलोमीटरचा वेग

पुलाचा विषय सगळ्यात गंभीर, म्हणून इथे जरा थांबू.

पुलावर दोन गोष्टींचा ताण येतो: एकूण वजन किती, आणि ते किती लांबीवर पसरलंय. २०० टन एका जागी उभे केले तर बहुतेक पुलांचा तुळया-गाळा ते सहन करणार नाही. तेच २०० टन तीस मीटर लांबीवर सारखे पसरवले तर हिशेब बदलतो. यासाठी हायड्रोलिक ॲक्सलचे ट्रेलर असतात. यात चाकांच्या ओळी हव्या तितक्या जोडता येतात, एका ओळीत साधारण आठ टायर. आपल्याकडे अशा एका ओळीवर १८ टनांपर्यंत भार मान्य आहे. त्यातले चारेक टन ट्रेलरचं स्वतःचं वजन धरा. मालासाठी उरले १४. २०० टनांच्या ट्रान्सफॉर्मरला म्हणजे पंधरा-सोळा ओळी लागल्या, टायर झाले १२८. ऑटोक्लेव्हच्या ७४ चाकांचा हिशेबही असाच जुळतो: दहा चाकांचा पुलर धरला तर उरलेली ६४ चाकं म्हणजे आठ ओळी.

पण नुसती चाकं वाढवून भागत नाही. रस्ता सपाट नसतो. उंचवटा आला की त्यावरच्या चाकांवर सगळा भार आणि बाकीची अधांतरी, असं झालं तर १२८ टायर असून नसल्यासारखे. म्हणून प्रत्येक ओळीवर तेलाचे सिलिंडर असतात आणि ते पाइपांनी एकमेकांना जोडलेले असतात. एक चाक उंचवट्यावर चढलं की त्याचा सिलिंडर दबतो, तेल शेजारच्या सिलिंडरांत सरकतं आणि सगळ्यांवरचा दाब सारखा राहतो. हे सिलिंडर सहसा तीन गटांत बांधतात. तीन आधारांवर उभी वस्तू डगमगत नाही. मात्र मालाचा गुरुत्वमध्य त्या तीन गटांच्या त्रिकोणाच्या आत पडायलाच हवा. माल लादताना हे चुकलं तर साध्या उतारावरही ट्रेलर कलंडू शकतो. म्हणून लादणाऱ्या माणसाची नजर मला ड्रायव्हरच्या हाताइतकीच महत्त्वाची वाटते.

पुलांची मापं ठरवणाऱ्या ‘इंडियन रोड्स काँग्रेस’च्या आयआरसी-६ या संहितेत आता अशा गाडीचा खास विचार आहे. २० ओळींचा ट्रेलर, प्रत्येक ओळीवर १८ टन, वर पुलर, मिळून ३८५ टन. पण हा भार गृहीत धरताना अटी घातल्या आहेत. गाडी ताशी ५ किलोमीटरच्या वर जाणार नाही. ती रस्त्याच्या बरोबर मधोमध चालेल. त्या वेळी पुलावर दुसरं वाहन नसेल.

या अटींमागे भौतिकशास्त्र आहे. वेगाने चाललेलं चाक सांध्यावर आदळलं की क्षणभर वजनापेक्षा जास्त धक्का बसतो. पाचच्या वेगात तो जवळजवळ उरत नाही. गाडी कडेला गेली तर एकाच बाजूच्या तुळयांवर भार जातो. मधोमध असली की सगळ्या तुळया वाटून घेतात. आणि पुलावर जोरात ब्रेक मारला तर तो झटका बेअरिंगमधून, म्हणजे तुळया ज्यावर टेकतात त्या आधारांतून, खांबांना आडवा बसतो. म्हणून पूल सुरू होण्याआधी गाडी थांबवतात, पुढचा-मागचा रस्ता मोकळा करतात आणि मग एका लयीत, न थांबता पार होतात. मागे अडकलेल्या गाड्यांनी हॉर्न वाजवून तो वेग वाढणार नसतो, वाढूही नये.

हे नव्या पुलांचं झालं. जुन्या पुलांचा हिशेब निराळा. एप्रिल २०२२ मध्ये मध्य प्रदेशात इटारसीजवळ सुखतवा नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल १३८ चाकांचा ट्रेलर जात असताना कोसळला. हा रस्ता आपल्या नागपूरहून भोपाळकडे जाणारा, विदर्भातल्या अनेकांच्या पायाखालचा. जो पूल बैलगाड्या आणि हलक्या मोटारींसाठी बांधला, त्याच्या दगडी खांबांत आज किती ताकद शिल्लक आहे हे नुसतं बघून सांगता येत नाही. तपासणी लागते, कागद लागतात. केंद्राने २०१६ मध्ये पुलांची देशव्यापी नोंद ठेवणारी यंत्रणा सुरू केली ती यासाठीही उपयोगाची आहे, पण जिल्हा आणि गावरस्त्यांवरच्या मोऱ्यांची अशी माहिती हाताशी मिळणं अजून कठीण. आणि माल नेहमी महामार्गावरच उतरत नाही. वीज उपकेंद्र असतं माळावर, शेवटचे दहा किलोमीटर गावरस्त्याचे.

पूल पेलणार नसेल तर वाटा असतात. उन्हाळ्यात नदीचं पात्र कोरडं असेल तर मुरूम टाकून खालून वळणरस्ता करतात. लहान मोरी असेल तर तिच्यावरून लोखंडी पूल टाकतात, म्हणजे भार मोरीवर न येता दोन्ही काठांवर जातो. कधी खालून आधार देतात. फार जड माल असेल तर तो दोन ट्रेलरांच्या मधे लांब गर्डरवर टांगतात, म्हणजे पुढची चाकं एका गाळ्यावर आणि मागची दूर दुसऱ्या गाळ्यावर.

घाटात काय होतं

२०० टनांचा माल, ६०-६५ टनांचा ट्रेलर आणि पुलर धरून एकूण ३०० टन समजू. वीस मीटरला एक मीटर चढ असेल तर नुसत्या चढासाठी १५ टनांची ओढ लागते. चाकांच्या घर्षणाचे चारेक टन वेगळे. एकूण २० टनांच्या आसपास.

आता पुलर किती ओढू शकतो? इंजिन कितीही दमदार असो, ओढ शेवटी टायर आणि डांबराच्या पकडीतून येते. इंजिनाची ताकद ज्या चाकांना मिळते त्यांच्यावर २० टन वजन असेल तर कोरड्या डांबरावर ११-१२ टनांच्या वर ओढ मिळत नाही. पुढे चाकं जागीच फिरतात. पाऊस पडला की ती आणखी घटते. म्हणून पुलरच्या पाठीवर काँक्रीटचे ठोकळे किंवा लोखंडी प्लेटा मुद्दाम लादतात, आणि दोन-तीन पुलर एकापुढे एक जोडतात. एक मागेही असतो, चढावर ढकलायला आणि उतारावर रोखून धरायला. उतार चढापेक्षा धोक्याचा, कारण ब्रेक तापले की पकड जाते. पुढचा आणि मागचा ड्रायव्हर वॉकीटॉकीवर सतत बोलत राहतात. दोघांनी गिअर एकाच क्षणी टाकला नाही तर जोडदांड्यावर येणारा झटका साधा नसतो.

खंबाटकी, कसारा किंवा कुंभार्लीसारख्या घाटांत चढ आणि वळण एकत्र येतात. सरळ रस्त्यावर तीन पुलर एका रेषेत ओढतात. आवळलेल्या वळणात पुढचा पुलर वळून गेलेला, मागचा ट्रेलर अजून सरळ. आता पुढच्याची ओढ पुढे जायच्या ऐवजी ट्रेलरला आतल्या बाजूला खेचते. म्हणजे जिथे ताकद सगळ्यात जास्त हवी तिथेच ती वाया जाते. शिवाय घाटमाथ्यावर रस्ता कमानीसारखा वळतो तिथे लांब ट्रेलरचं पोट टेकण्याची भीती. तेव्हा हायड्रोलिकने पाटी उचलून घ्यायची, पुढे गेल्यावर पुन्हा खाली.

पवनचक्कीच्या पात्याचं घाटातलं गणित वजनाचं नसून जागेचं आहे. बोळाच्या कोपऱ्यावरून लांब बांबू वळवताना पुढचं टोक सांभाळलं तर मागचं भिंतीला लागतं, तसंच इथे. फरक इतकाच की बांबू ६०-७० मीटरचा आहे आणि भिंतीच्या जागी डोंगर किंवा दरी. पात्याचा जाड बुंधा पुढे, निमुळतं टोक मागे ट्रेलरच्या बाहेर कित्येक मीटर लोंबतं. वळताना मागची चाकं आत कापतात आणि टोक बाहेर झाडू मारल्यासारखं फिरतं. म्हणून मागच्या चाकांना वेगळं स्टीअरिंग असतं. एक माणूस गाडीसोबत पायी चालत हातातल्या रिमोटने ती वळवतो. कोयनेजवळच्या वनकुसवडे पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या तेव्हाची पाती आजच्या मानाने लहान होती. आता धाराशिव-बीडच्या माळांवर जी यंत्रं येताहेत त्यांची पाती पाहिली की हाच माल जुन्या घाटरस्त्याने वर नेणं किती अवघड झालंय ते समजतं. युरोप आणि चीनमधल्या डोंगरांत पातं बुंध्यापाशी धरून आकाशाकडे तिरपं उभं करणारे खास ट्रेलर वापरतात. वळण आलं की पातं वर, तारा आल्या की खाली. मात्र वारा सुटला की काम थांबतं, कारण पातं बनलंय तेच वारा पकडायला.

कागद, हंगाम आणि माणसं

परवानग्यांची गंमत अशी नाही की त्या मिळत नाहीत. त्या एकाच वेळी मिळत नाहीत. महामार्ग प्राधिकरण, सार्वजनिक बांधकाम विभाग, आरटीओ, वाहतूक पोलिस, वीज कंपनी, रेल्वे, आणि हद्द ओलांडली की पुढच्या राज्यात पुन्हा हीच मंडळी. प्रत्येक परवानगीला तारखेची मुदत. पुढच्या राज्याचा कागद येईपर्यंत मागचा संपतो. राष्ट्रीय महामार्गांसाठी अर्ज ऑनलाइन झाले ही चांगली गोष्ट आहे, पण राज्यरस्ते आणि इतर खाती अजून वेगवेगळ्या खिडक्यांवर आहेत. सगळ्यांचा एकच अर्ज आणि एकच मुदत असावी, एवढी साधी सुधारणा कित्येक गाड्यांचे महिने वाचवेल.

हंगामही बघावा लागतो. पावसाळ्यात साइडपट्टी भिजून मऊ होते आणि रुंद ट्रेलरची कडेची चाकं तिच्यात रुततात. गणपतीत मुंबई-गोवा महामार्गावर अवजड वाहनांना बंदी असते. आषाढीला पालखीमार्गांवर गाडी घालता येत नाही, घालूही नये. गाळप सुरू झालं की पश्चिम महाराष्ट्रात रस्ते उसाच्या ट्रॉल्यांनी भरतात.

या सगळ्यात गाडी कुठेतरी उभी राहते, आणि तिच्यासोबत माणसंही. अडीच मीटर रुंदीच्या ट्रकला ढाब्यावर जागा मिळते, साडेसहा मीटरच्या ट्रेलरला मिळत नाही. रस्त्याच्या कडेला ताडपत्रीखाली स्टोव्ह पेटतो, तिथेच झोपायचं. दिवसभर टायर, पाइप, साखळ्यांचा ताण तपासायचा आणि रात्री डिझेल नि बॅटरी चोरीला जाऊ नये म्हणून पाळीने जागायचं. उंच मालावर चढून तारा बाजूला करणारा हेल्पर यात सगळ्यात जास्त धोका पत्करतो, आणि बहुतेक वेळा पगार त्याचाच सगळ्यात कमी. लाइन बंद असल्याचं लेखी हातात आल्याशिवाय त्याला वर चढवू नये, हा नियम कोणत्याही घाईपुढे वाकता कामा नये.

रस्त्याच्या या मर्यादा आता यंत्रांच्या रचनेतच उतरल्या आहेत. ७६५ केव्हीचे मोठे ट्रान्सफॉर्मर एकसंध न करता प्रत्येक फेजचा, म्हणजे विजेच्या तीन प्रवाहांपैकी प्रत्येकाचा, वेगळा करतात, त्यामागे वाहतूक हे मोठं कारण आहे. पवनचक्कीच्या खांबाचा तळ जितका रुंद तितका खांब मजबूत, तरी जमिनीवरच्या खांबांचा व्यास सव्वाचार मीटरच्या आसपास थांबतो, कारण त्याहून मोठा भाग पुलांखालून जात नाही. काही कंपन्यांनी जागेवर जोडता येणारं दोन तुकड्यांचं पातं काढलं तेही यासाठीच.

ट्रान्सफॉर्मर पोहोचला तरी काम संपत नाही. तो तेलाशिवाय आलेला असतो, कारण तेलाचं वजन रस्त्याला परवडत नाही. ओलावा शिरू नये म्हणून आत कोरडी हवा किंवा नायट्रोजन भरलेला असतो आणि त्याचा दाब वाटभर तपासत आणलेला असतो. अंगावर धक्के नोंदवणारं एक यंत्र बसवलेलं असतं. उपकेंद्रात जॅकवर उचलून, रुळांवरून इंचाइंचाने सरकवून तो पायावर बसवतात आणि मग त्या यंत्रातली नोंद काढतात. कुठल्या दिवशी, किती वाजता, कोणत्या दिशेने किती धक्का बसला, सगळं त्यात असतं. मर्यादेबाहेरचा एक जरी धक्का निघाला तर आतली कॉइल सरकली का हे तपासल्याशिवाय त्यात तेल भरत नाहीत.